एवढ्या पर्सेंटाइलला मिळेल का?

सीईटीचा निकाल लागला की टेलिग्राम-इन्स्टाग्रामवरच्या गटांत एकाच साच्याचे प्रश्न येऊ लागतात. ‘दादा, ८७ पर्सेंटाइल, ओपन, होम युनिव्हर्सिटी पुणे, कॉम्प्युटर मिळेल का?’ ‘सर, एसटी, मुलगी, ६१, नाशिकला चान्स आहे का?’ हा दादा कोण, कुठला, काय शिकलेला, हे विचारणाऱ्याला ठाऊक नसतं. तरी काही मिनिटांत उत्तर येतं: ‘आरामात मिळेल’, ‘अवघड आहे’, ‘थर्ड राउंडला बघ’. त्या चार शब्दांवर घरात आनंद होतो किंवा जेवणाची चव जाते.

असं विचारणाऱ्या मुलांना हसण्यात अर्थ नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, राजूर, कोतूळ, समशेरपूरच्या पट्ट्यात कित्येक घरांतून इंजिनिअरिंगला जाणारं ते पहिलंच मूल असतं. घरात विचारायला कुणी नसतं. बारावीच्या सरांना त्यांच्या विषयातलं सगळं येतं, पण प्रवेशाचे नियम दरवर्षी बदलतात. निकाल लागल्यापासून पहिली जागा जाहीर होईपर्यंतचे आठवडे जाता जात नाहीत. मग मोबाइल हातात असताना माणूस विचारणारच.

प्रश्न असा आहे, की त्या अनोळखी माणसाला नेमकं काय माहीत असतं? आणि जे त्याला माहीत असतं, ते तुम्हाला स्वतःला शोधता येतं का? या प्रकरणात आपण हेच एकेक पायरी चढत पाहू. उदाहरण इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं घेऊ, कारण हा प्रश्न सर्वांत जास्त तिथेच विचारला जातो.

१. पर्सेंटाइल म्हणजे मागे किती जण

पीसीएम गटाची सीईटी २०० गुणांची असते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे ५०-५० प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. परीक्षा एकाच दिवशी होत नाही. बरेच दिवस, सकाळ-दुपारच्या सत्रांत ती चालते. एखाद्या सत्राची प्रश्नपत्रिका सोपी, एखाद्याची कठीण निघते. म्हणून नुसते गुण बघून दोन सत्रांतल्या मुलांची तुलना केली जात नाही.

त्याऐवजी प्रत्येक सत्रात एवढंच मोजतात, की तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणारे किती जण आहेत. समजा तुमच्या सत्रात १५,००० मुलं बसली आणि त्यांतली १३,५०० तुमच्याबरोबर किंवा तुमच्या मागे आहेत. १३,५०० भागिले १५,००० गुणिले १००, म्हणजे ९०. तुमचं पर्सेंटाइल ९०. निकालपत्रावर हाच आकडा दशांश चिन्हापुढे सात अंकांपर्यंत छापलेला असतो, म्हणजे सारख्या क्रमाचे विद्यार्थी कमीत कमी उरतात.

यातून पहिली गोष्ट लक्षात ठेवायची: ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. शंभर जणांच्या रांगेत साधारण दहा जण तुमच्या पुढे आहेत, एवढंच तो आकडा सांगतो. रांग किती लांब आहे, हे तो सांगत नाही.

२. रांगेची लांबी बदलली की

जागा पर्सेंटाइलवर वाटल्या जात नाहीत, क्रमांकावर वाटल्या जातात. हिशेब सोपा ठेवू. समजा एका वर्षी परीक्षेला ३ लाख मुलं बसली. ९० पर्सेंटाइलच्या पुढे १० टक्के, म्हणजे ३०,००० मुलं. पुढच्या वर्षी ४ लाख बसली. आता त्याच ९० पर्सेंटाइलच्या पुढे ४०,००० मुलं.

एखाद्या कॉलेजातली एखादी शाखा दोन्ही वर्षी ३५,००० व्या क्रमांकाला भरते असं धरा. पहिल्या वर्षी ९० वाल्याला ती मिळाली. दुसऱ्या वर्षी ९० वाल्याला मिळाली नाही, त्याला ९१ च्या वर असायला हवं होतं. मुलगा तेवढाच हुशार, कॉलेज तेच, जागा तेवढ्याच. बदलली ती फक्त रांगेची लांबी. हे केवळ कागदावरचं उदाहरण नाही. अलीकडच्या वर्षांत पीसीएम गटाची संख्या खरोखरच वाढली आहे आणि २०२५ मध्ये ती चार लाखांच्या पुढे गेली.

म्हणून ‘गेल्या वर्षी ८८ ला मिळालं होतं’ हे वाक्य खरं असूनही यंदा दिशाभूल करू शकतं. पर्सेंटाइलपेक्षा गुणवत्ता यादीतला क्रमांक पाहावा. सीईटी कक्ष प्रत्येक फेरीनंतर जे कटऑफचे तक्ते प्रसिद्ध करतो, त्यांत दोन्ही आकडे दिलेले असतात: आधी क्रमांक, त्याच्याबरोबर कंसात पर्सेंटाइल. बहुतेक मुलांची नजर कंसातल्या आकड्यावर जाते. कामाचा आकडा कंसाबाहेर आहे.

एक बारकावा इथेच सांगून ठेवतो. परीक्षेला बसलेले सगळे प्रवेशासाठी नोंदणी करत नाहीत. काहींची बारावीची अट पूर्ण होत नाही, काही जण दुसरीकडे जातात. त्यामुळे गुणवत्ता यादीतला तुमचा खरा क्रमांक वरच्या हिशेबापेक्षा पुढचा निघतो. यादी जाहीर होण्याआधी कुणी क्रमांक सांगत असेल, तर तोही अंदाजच असतो.

३. कटऑफ कोण ठरवतं?

‘अमुक कॉलेजने कटऑफ वाढवला’ असं आपण सहज म्हणतो. कॉलेज तो वाढवत नाही आणि कमीही करत नाही. बाजार समितीत कांद्याचा जो भाव निघतो, तो जसा कुणा एकाने ठरवलेला नसतो, तसंच हे. त्या दिवशी आवक किती झाली, घेणारे किती आले, त्यांना काय हवं होतं, यातून भाव निघतो. संध्याकाळी तो फळ्यावर लिहिला जातो. कालचा भाव शंभर टक्के खरा असतो, पण उद्या आपली गोणी त्याच भावाने जाईल, असं कुठलाही शेतकरी धरून चालत नाही. कटऑफ म्हणजे गेल्या हंगामाचा फळ्यावरचा भाव. शेवटची जागा ज्याला मिळाली, त्या विद्यार्थ्याचा क्रमांक.

मग हा आकडा कशामुळे हलतो? कारणं मोजून चार.

पहिलं, मुलांची संख्या. ते वर पाहिलं.

दुसरं, जागांची संख्या. चांगल्या स्थितीतल्या संस्थांना एका शाखेत किती जागा ठेवता येतील, यावर असलेली कमाल मर्यादा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून उठवली. ज्या कॉलेजने कॉम्प्युटरच्या जागा वाढवल्या, तिथे शेवटचा क्रमांक मागे सरकणं साहजिक आहे.

तिसरं, नियम. राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा करून सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाला, म्हणजे एसईबीसीला, १० टक्के आरक्षण दिलं. २०२३ च्या तक्त्यात हा रकानाच नाही. खुल्या जागांची संख्याही त्याबरोबर बदलली. नियम बदलण्याआधीचा कटऑफ घेऊन नंतरचा अंदाज बांधायचा म्हणजे पायाच चुकला.

चौथं, मुलांची आवड. एका वर्षी सगळे कॉम्प्युटरमागे धावतात, दुसऱ्या वर्षी एआय-डेटा सायन्समागे. तुमच्या पुढचे हजारो विद्यार्थी आपल्या अर्जात काय भरणार आहेत, हे त्या क्षणी त्यांनाही माहीत नसतं. टेलिग्रामवरच्या दादाला ते कुठून कळणार?

४. एका मुलीवर उभा असलेला आकडा

आता तक्ता उघडू. त्यात जीओपनएच, एलओपनएच, जीएसटीएच, एलएसटीएच अशी अक्षरं दिसतात. ती घाबरण्यासारखी नाहीत. सुरुवातीचा ‘जी’ म्हणजे सर्वांसाठीची जागा, ‘एल’ म्हणजे मुलींसाठी राखीव. मधली अक्षरं प्रवर्गाची: ओपन, एससी, एसटी, ओबीसी वगैरे. शेवटचं अक्षर विद्यापीठाचं: ‘एच’ म्हणजे होम युनिव्हर्सिटीच्या क्षेत्रातल्यांसाठी, ‘ओ’ म्हणजे बाहेरच्यांसाठी, ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय. सर्वसाधारण कॉलेजांत होम आणि बाहेरचे यांचं प्रमाण ७० आणि ३० असतं. पुण्याच्या सीओईपीसारख्या संस्थेत जागा राज्यस्तरीय असतात, तिथे अकोले तालुक्यातला आणि अमरावतीचा विद्यार्थी एकाच रांगेत उभे राहतात.

एक हिशेब करून बघू. समजा एका शाखेत कॅपमधून, म्हणजे सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, भरायच्या ५० जागा आहेत. अनुसूचित जमातीला ७ टक्के, म्हणजे साडेतीन, म्हणजे तीन किंवा चार जागा. त्यांच्या ७० टक्के होम युनिव्हर्सिटीला, म्हणजे दोन-तीन. त्यांतल्या ३० टक्के मुलींना, म्हणजे जेमतेम एक. एलएसटीएच या रकान्यात जो कटऑफ छापलेला आहे, तो बहुतेकदा एका मुलीचा क्रमांक आहे.

ती मुलगी जिथली होती, तिथून आणखी दोघींनी तोच पर्याय भरला असता, तर आकडा वेगळा असता. तिला वसतिगृह मिळालं नसतं आणि तिने ते कॉलेज यादीतच ठेवलं नसतं, तरीही वेगळा असता. म्हणून अशा रकान्यात एका वर्षी ७२, दुसऱ्या वर्षी ४५, तिसऱ्या वर्षी रिकामी जागा असं काहीही दिसू शकतं. खुल्या गटाचा रकाना त्याहून कितीतरी जास्त विद्यार्थ्यांवर उभा असतो, तो इतका उड्या मारत नाही.

अकोल्यासारख्या आदिवासी तालुक्याच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. इथल्या महादेव कोळी, ठाकर मुलामुलींच्या वाट्याला हेच लहान रकाने येतात. नेमका त्यांचाच अंदाज सर्वांत कमी भरवशाचा असतो. ‘गेल्या वर्षी एसटीला ७२ लागले होते, तुला ६१, विसर’ असं कुणी म्हणालं, तर ते वाक्य एका मुलीच्या एका वर्षाच्या निवडीवर टेकलेलं आहे. ते ऐकून त्या कॉलेजचं नावच यादीतून काढणं हे मोठं नुकसान.

५. उत्तर देणारे कोण?

गटांवर उत्तरं देणारे ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. एक, एक-दोन वर्षं पुढे असलेले विद्यार्थी, मनापासून मदत करणारे. दोन, सशुल्क मार्गदर्शन विकणारे. फुकट उत्तर हा त्यांच्या दुकानाचा दर्शनी भाग असतो. तीन, स्वतःच वाट पाहणारी मुलं, ऐकलेलं पुढे ढकलणारी. तिघांकडेही माहितीचा साठा तोच: गेल्या वर्षीचे तक्ते. ‘कॉलेज प्रेडिक्टर’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक सोयीही मुळात तुमचा आकडा त्याच तक्त्याशी ताडून हिरवा-पिवळा-लाल रंग लावून देतात.

यात एक छुपी फसगत आहे. समजा ८६ पर्सेंटाइलच्या १०० मुलांना एक कॉलेज हवं होतं. १० जणांना मिळालं, ९० जणांना नाही. मिळालेल्या १० पैकी ९ जण आनंदाने लिहितात, ‘मला ८६ ला मिळालं!’ न मिळालेल्या ९० पैकी बहुतेक जण गप्प बसतात, पाच जण लिहितात. वाचणाऱ्याला दिसतात १४ जण, त्यांतले ९ यशस्वी. त्याला वाटतं, तीनातल्या दोघांना मिळतं. वस्तुस्थिती दहातल्या एकाला. कुणीही खोटं बोललेलं नाही, तरी चित्र उलटं झालं.

‘ऐंशी टक्के चान्स’ या उत्तराचंही तसंच. ऐंशी टक्के म्हणजे काय? ज्या दहा मुलांना कुणी ८० टक्के सांगितले, त्यांतल्या आठांच्या आसपास मुलांना जागा मिळायला हवी. हे तपासायचं तर नंतर कुणीतरी मोजायला हवं. गटावर कुणी मोजत नाही. ऑगस्टपर्यंत प्रश्न विचारणारा निघून गेलेला असतो आणि दादा पुढच्याला उत्तर देत असतो. चुकल्याचा ज्याला काही तोटा नाही, त्याच्या टक्क्यांना वजन किती द्यायचं, ते आपण ठरवायचं.

६. त्याने न विचारलेले प्रश्न

पर्सेंटाइल, प्रवर्ग, शाखा एवढ्या तीन गोष्टींवर उत्तर येतं. प्रवेश मात्र आणखी कितीतरी गोष्टींवर अडतो किंवा सुटतो.

बारावी कुठून केली? अकोल्याच्या अगस्ती महाविद्यालयातून बारावी झालेल्या मुलाची होम युनिव्हर्सिटी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, कारण पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे त्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. त्याचाच चुलतभाऊ अकरावी-बारावीला लातूरला गेला असेल, तर त्याची होम युनिव्हर्सिटी नांदेडची, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. घर दोघांचं एकाच वाडीत. पण संगमनेरच्या कॉलेजात एक ‘एच’च्या रांगेत, दुसरा ‘ओ’च्या. गटावर मात्र दोघंही ‘मी अकोल्याचा’ असंच लिहितात.

कागद हातात आहेत का? राखीव जागेसाठी जात प्रमाणपत्रावर भागत नाही, वैधता प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जमातीसाठी ते प्रमाणपत्र तपासणी समितीकडून मिळवावं लागतं आणि त्यात महिने जातात. ओबीसी, एसईबीसी आणि भटक्या-विमुक्तांना नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रही लागतं. मुदतीत कागद दिला नाही, तर विद्यार्थी खुल्या गटात मोजला जातो आणि सगळे अंदाज कोसळतात. राजूरच्या मुलीचा ‘चान्स’ किती, हे एखाद्या वेळी तिच्या पर्सेंटाइलपेक्षा तिच्या वैधता प्रमाणपत्राच्या तारखेवर ठरतं.

पैशाचं काय? जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आहे. या योजनेची चौकशी राजूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करता येते. शुल्काच्या सवलती मात्र कॅपमधून मिळालेल्या प्रवेशाला असतात. ‘कशाला थांबतोस, मॅनेजमेंट कोट्यातून घेऊन टाक’ असा सल्ला देणारा हे सांगत नाही.

७. पसंतीक्रम: इथे अंदाजाची गरजच नाही

अंदाज विचारण्यामागे बहुतेकांच्या मनात एक भीती असते: ‘न मिळणारं कॉलेज पहिलं टाकलं, तर मिळणारंही हातचं जाईल.’ ही भीती निराधार आहे. का, ते पाहू.

जागावाटप संगणक करतो. तो गुणवत्ता यादीत वरून खाली येतो. तुमचा क्रमांक आला की तुमची यादी उघडतो. पहिला पर्याय बघतो, तुमच्या लायक जागा शिल्लक आहे का? नसेल तर दुसरा, मग तिसरा. जिथे जागा आहे तिथे थांबतो. आरक्षणाचे टप्पे मध्ये असल्याने प्रत्यक्षात हे थोडं गुंतागुंतीचं आहे, पण गाभा हाच. पहिल्या तीन ठिकाणी जागा नव्हती म्हणून तुमचा क्रमांक मागे जात नाही. तुमच्या मागच्या मुलाने चौथं कॉलेज स्वतःच्या यादीत पहिलं टाकलं होतं, म्हणून ते त्याला आधी मिळत नाही.

उदाहरण. तुमचा क्रमांक ४०,०००, मित्राचा ४२,०००. तुमची यादी: पुणे, नाशिक, संगमनेर. मित्राची यादी: फक्त संगमनेर. संगमनेरला एकच जागा उरली आहे, पुणे-नाशिक भरलं आहे. जागा कुणाला? तुम्हाला. तुमचा क्रमांक आधी येतो. पुणे वर लिहिल्याने तुमचं काही गेलं नाही. उलट पुण्यात अचानक जागा निघाली असती, तर ती मिळाली असती.

प्राधान्यक्रम आणि वाटपाची पद्धत यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास डेव्हिड गेल आणि लॉईड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ च्या एका निबंधात मांडला. पुढे ॲल्विन रॉथ यांनी तो शाळाप्रवेशासारख्या कामांत उतरवला. शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्या सगळ्या अभ्यासातून आपल्या कामाचा निष्कर्ष एवढाच: वाटप गुणवत्ता क्रमाने होत असेल, तर खरी आवड खऱ्या क्रमाने लिहिणं हाच सर्वांत फायद्याचा डाव.

एक अट मात्र डोळ्यांत तेल घालून वाचायची. २०२५-२६ मध्ये कॅपच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, तर तो घेणं बंधनकारक होतं. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कुठलाही मिळाला, तर तो घ्यायचाच. नाही घेतला, तर पुढच्या फेऱ्यांची दारं बंद. म्हणून जिथे खरोखर जायचं नाही, असं नाव कुणाच्या सांगण्यावरून वरच्या सहांत टाकू नये. नियम दरवर्षी बदलू शकतात, त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी.

८. अमेरिकेतली मुलं हाच प्रश्न विचारतात, पण...

अमेरिकेत हायस्कूलची मुलं ‘माझे चान्स सांगा’ असं अनोळखी लोकांना विचारतात. तिथे गुणांबरोबर निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रं, खेळ-छंद, घरची पार्श्वभूमी हे सगळं समिती वाचते आणि बंद दाराआड ठरवते. हार्वर्डसारख्या ठिकाणी अलीकडे शंभरातले चारच्या आसपास अर्जदार आत जातात. तिथे निर्णय माणसांच्या मनात होतो, त्यामुळे बाहेरच्याला तो कळण्याची सोयच नाही.

आपल्याकडे कॅपमध्ये मुलाखत नाही, निबंध नाही, समितीची मर्जी नाही. जागांचा तक्ता, गुणवत्ता यादी, मागचे कटऑफ, नियम सगळं सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर उघडं आहे. अमेरिकेतल्या मुलाला अनोळखी माणसाचा अंदाज चुकीचा मिळतो, कारण माहिती कुणाकडेच नसते. आपल्या मुलाला तो निरुपयोगी ठरतो, कारण माहिती सगळ्यांकडे असते. जी माहिती नसते, ती म्हणजे यंदाच्या मुलांची निवड, आणि ती देवालाच ठाऊक.

९. स्वतःचा अंदाज, तासाभरात

एक वही, एक पेन आणि मागच्या तीन वर्षांचे कटऑफचे तक्ते घ्या.

पहिली पायरी: गुणवत्ता यादीतला स्वतःचा क्रमांक वहीच्या डोक्यावर लिहा.

दुसरी: तुम्हाला लागू होणारे सगळे रकाने लिहा. पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या आदिवासी मुलीला त्याच क्षेत्रातल्या सर्वसाधारण कॉलेजात चार लागू होतात: जीओपनएच, एलओपनएच, जीएसटीएच, एलएसटीएच. राखीव प्रवर्गातल्या विद्यार्थ्याचा खुल्या जागेवरही हक्क असतो, हे अनेक जण विसरतात.

तिसरी: हव्या त्या प्रत्येक शाखेपुढे तिन्ही वर्षांचे, शेवटच्या फेरीतले शेवटचे क्रमांक मांडा. समजा एका शाखेचे क्रमांक निघाले ४१,०००, ५२,००० आणि ४७,०००. तुमचा क्रमांक ४५,०००. म्हणजे तीनपैकी दोन वर्षी तुम्हाला ती मिळाली असती, एका वर्षी नाही.

चौथी: तीन गट पाडा. तिन्ही वर्षी मिळालं असतं ते ‘बहुधा’. एक-दोन वर्षी मिळालं असतं ते ‘अधांतरी’. कधीच मिळालं नसतं ते ‘अवघड’. रकाना एक-दोन जागांचा असेल, तर ‘अवघड’ला ‘अधांतरी’ समजा.

पाचवी: तिन्ही गट एकत्र करून फक्त आवडीच्या क्रमाने यादी लिहा. गटांचा उपयोग क्रम लावायला करायचा नाही. यादीत ‘बहुधा’ची पुरेशी नावं आहेत ना, एवढंच त्यावरून तपासायचं. यादी लांब ठेवायला पैसे पडत नाहीत. म्हणून आठ-दहाच नावं भरून थांबू नका.

अकोल्याच्या मुलांना हाताच्या अंतरावर पर्याय बरेच आहेत. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी संगमनेरला अमृतवाहिनी, लोणीला प्रवरा आणि कोपरगावला संजीवनी ही कॉलेजं उभी राहिली. त्याआधी या भागातल्या मुलाला इंजिनिअरिंगसाठी दूरच्या शहरात जावं लागे. आज तिन्ही ठिकाणं ‘एच’च्या क्षेत्रात आहेत, नाशिक आणि पुणे तर आहेतच. ‘बहुधा’चा गट रिकामा राहण्याचं कारण सहसा नसतं.

१०. मग अनोळखी माणसाला विचारायचं काय?

काहीच विचारू नये, असं नाही. प्रश्न बदलायचा. त्या कॉलेजात शिकत असलेल्या मुलाला कटऑफ विचारू नका, तो तुम्हालाही वाचता येतो. त्याला विचारा: पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळा खरंच चालतात का? वसतिगृहात दुसऱ्या वर्षी जागा मिळते का? मेसचा महिन्याचा खर्च किती येतो? इंग्रजीतून शिकवलेलं मराठी माध्यमाच्या मुलाला कळायला किती महिने गेले? कॅम्पसला आलेल्या कंपन्यांनी कुठल्या शाखेतून किती जण घेतले? या गोष्टी कुठल्याही तक्त्यात नाहीत. त्या फक्त तिथे राहिलेल्याला माहीत असतात, आणि दोघा-तिघांनी सारखंच सांगितलं, तर बऱ्यापैकी भरवशाच्या असतात.

नियमांचा प्रश्न असेल, तर सुविधा केंद्रावर जाऊन विचारा. तिथला माणूस जे सांगेल, ते माहितीपुस्तिकेत कुठे लिहिलं आहे, हेही विचारा.

आणि तीन गोष्टी कुणालाही द्यायच्या नाहीत: अर्जाचा लॉगिन-पासवर्ड, मोबाइलवर आलेला ओटीपी आणि ‘सीट पक्की करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे. पासवर्ड हातात असला की दुसरा माणूस तुमची यादी बदलू शकतो आणि ती एकदा कायम झाली की फेरी संपेपर्यंत हलत नाही. कॅपमधली जागा कुणालाही पक्की करून देता येत नाही, कारण ती कुणाच्या हातात नसतेच. तुमच्या हातात असते ती यादी. ती मुदतीच्या शेवटच्या रात्रीपर्यंत लांबवू नका. दोन दिवस आधी कायम करा, तिची प्रत छापून घ्या आणि घरच्यांना एकदा मोठ्याने वाचून दाखवा. एखाद्या नावापाशी आई म्हणाली, ‘इथं तू जाणारेस का खरंच?’ आणि तुम्हाला पटकन हो म्हणता आलं नाही, तर ते नाव कुठल्या क्रमावर आहे, ते पुन्हा बघा.